मावशीच्या नावाची फाइल

बीडमध्ये मला लोक चांगलं मराठी बोलणारी बाई म्हणून ओळखतात. शिकवते मी इंग्रजी, पण शाळेत कार्यक्रम असला की सूत्रसंचालन माझ्याकडे, पाहुण्यांची ओळख करून द्यायची असली की तीही माझ्याकडे. वडिलांच्या किराणा दुकानात कुणी नवं गिऱ्हाईक आलं आणि मी आत बोलताना ऐकू आले, तर हमखास विचारायचं, पाहुण्या पुण्याच्या का? वडील हसायचे. मला मात्र त्या प्रश्नाने दिवसभर बरं वाटायचं. या चांगल्या मराठीपायी मी एका पाच वर्षांच्या पोरीचं जे नुकसान केलं, ते सहा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. शेवटी सांगावं लागलं, पण तेही मी आपणहून सांगितलं नाही.

आमच्या शाळेमागे वस्ती संपते तिथे एक शिशुगृह आहे. दर रविवारी मी तिथल्या मुलांना इंग्रजी गाणी शिकवायला जात असे. मोठी समाजसेवा वगैरे काही नव्हती. तिथल्या अधीक्षिका आईच्या ओळखीच्या होत्या आणि मला नाही म्हणता आलं नाही, एवढंच. चौदा-पंधरा मुलं आणि त्यांचं सगळं करणाऱ्या एक मावशी. मावशी मूळच्या घाटनांदूरच्या, साठीला टेकलेल्या. अधीक्षिकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे.

ती पोरगी आष्टीकडच्या एका गावातून दोन वर्षांची असताना तिथे आली. आली तेव्हा बोलत नव्हती. बोलायला शिकली ती मावशींच्या काखेत बसून, त्यामुळे बोलायची हुबेहूब मावशींसारखी. "म्याडम, तुमी लई उशिरा आलाव," असं मला कमरेवर हात ठेवून म्हणायची. मी लगेच सुधारायचे, "तुम्ही फार उशिरा आलात, असं म्हणायचं." ती माझ्याकडे बघायची, मग मावशींकडे बघायची, आणि पळून जायची.

मावशी तिला 'माय' म्हणायच्या. आमच्याकडे लेकीबाळींना मायेने तसं म्हणतातच. "माय माझी", "ये गं माय", "कावून रडायलीस गं माय". त्या पोरीला स्वतःचं कागदावरचं नाव ठाऊक होतं, पण हाकेला ओ द्यायची ती 'माय'लाच.

ती चार वर्षांची झाली आणि इटलीच्या एका जोडप्याने तिला दत्तक घ्यायचं ठरलं. कागदपत्रं वर्षभर चालली. ती जवळपास पुरी होत आली तेव्हा तिकडच्या संस्थेचं पत्र आलं, इंग्रजीत. अधीक्षिकांनी मला वाचायला बोलावलं. पत्रात लिहिलं होतं की मुलगी ज्या बाईच्या हातून जेवते, जिच्याजवळ झोपते, तिच्याच आवाजात रोजची वाक्यं रेकॉर्ड करून पाठवा आणि शेजारी अर्थ लिहा. नवे आईबाप तीच वाक्यं पाठ करतील. आणि मुलगी तिकडे गेल्यावर सुरुवातीचे दिवस तिला तो आवाज ऐकवतील, म्हणजे एकाएकी सगळंच परकं वाटणार नाही. 'तिच्याच आवाजात' या शब्दांखाली रेघ मारली होती. मीच ते अधीक्षिकांना मोठ्याने वाचून दाखवलं, रेघेसकट.

पुढच्या रविवारी मी मोबाइल घेऊन गेले. मावशी धुतलेलं पातळ नेसून, केसांना तेल लावून बसल्या होत्या.

"मावशी, फोटो नाही काढायचा. फक्त आवाज जाणार आहे."

"असू द्या की. इदेशात जायलाय तर उलुसं बरं दिसावं," त्या म्हणाल्या. मग मोबाइलकडे संशयाने बघत त्यांनी विचारलं, "ह्याच्यात बोलायचं म्हंजी नेमकं काय बोलायचं?"

"रोज तिच्याशी बोलता तेच बोला."

त्या बोलल्या. आधी अडखळल्या, मग पोरगी येऊन मांडीवर बसली आणि मोबाइल समोर आहे हे त्या विसरूनच गेल्या. "कावून रडायलीस गं माय? कोण मारलं? मी हाय ना हितं. ये, उलुसं पाणी पी." मग, "चल, भाकर खाऊन घे. दूध घातलंय. सांडशील तर लई मार खाशील बघ." आणि शेवटी त्या रोज दुपारी पोरांना निजवताना म्हणत ते त्यांचं स्वतःचं गाणं. त्याला चाल अशी नव्हतीच, पाठीवर थापटत नुसतं म्हणायच्या: "कोंबडी निजली, शेळी निजली, चूल निजली, चुलीवरचा तवा निजला, आन आता माझी माय निजली." तव्यापर्यंत येईस्तोवर पोरगी खरंच डोळे मिटून पडली होती. मला हसू आलं, मावशींना हसू आलं, तेही रेकॉर्ड झालं.

घरी येऊन मी ते ऐकलं. मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी ताट आपटतंय, कुणीतरी रडतंय, आणि या सगळ्यात 'हाय', 'न्हाई', 'लई', 'कावून'. माझे कान तापले.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. पुण्यात बी.एड.ला असताना पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी विचारलं होतं, "आज भाजी कावून कमी हाय?" टेबलावरच्या पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. वाईट नव्हत्या त्या. पण त्या दिवसापासून माझं नाव 'कावून' पडलं. "ए कावून, मीठ दे." "कावून, तुझं पत्र आलंय." मीही सगळ्यांबरोबर हसायचे आणि खोलीवर येऊन आरशासमोर "का? का? का?" म्हणत बसायचे. सहा महिन्यांत मी अशी बोलायला लागले की नव्या पोरींना मी सदाशिव पेठेतलीच वाटे. सुट्टीत घरी आले आणि आईला म्हणाले, "आई, 'गेलते' नाही, 'गेले होते'." आई भाकरी थापत होती. ती नुसतं "बरं" म्हणाली, आणि ती सुट्टीभर माझ्याशी कमीच बोलली. तेव्हा मला वाटलं होतं, कामात असेल.

तर ते रेकॉर्डिंग ऐकताना मला ते टेबल आठवलं. हे इटलीला जाणार. तिथे कुणीतरी मराठी माणूस शोधून हे त्याला ऐकवतील. तो पुण्या-मुंबईकडचाच असणार. तो हसणार आणि म्हणणार, ही कसली भाषा? शिवाय 'मार खाशील' हे त्या लोकांना कळलं तर ते काय समजतील? आणि मुलीला कुणी 'माय' म्हणतं का? तिथली आई गोंधळून जाईल. अशी एकेक कारणं मी गोळा केली. कारणं सगळी चांगली होती. खरं कारण एकच होतं, की मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि सगळी वाक्यं माझ्या आवाजात पुन्हा रेकॉर्ड केली. "बाळ, तू का रडत आहेस? मी आहे ना इथे. थोडं पाणी पी." "बाळ, तुला भूक लागली आहे का? जेवायला ये." शेवटी, "कोंबडी झोपली आहे. शेळी झोपली आहे. चूल झोपली आहे. तवा झोपला आहे. आता माझं बाळ झोपणार आहे." आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसं मी ते गाणं म्हटलं, आणि माझे उच्चार किती स्वच्छ आलेत म्हणून दोनदा ऐकलं.

फाइलला नाव दिलं 'मावशी'. पत्रात ज्यांचा आवाज मागितला होता, त्यांचंच नाव. मग मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून मावशींचं मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. जागा खरं तर होती.

दोन महिन्यांनी इटलीहून ते दोघं नवराबायको बीडला आले. सहा दिवस बसस्टँडजवळच्या लॉजवर राहिले आणि रोज सकाळी शिशुगृहात येऊन बसायचे. बाई उंच, चष्म्याची, सतत हातात मी वाक्यं आणि अर्थ लिहून पाठवलेला कागद. त्यांनी सगळी वाक्यं पाठ केली होती. आमच्याकडचा माणूस दहा वर्षं इंग्रजी शिकूनही बोलायला लाजतो, आणि ही चाळिशीची बाई जमिनीवर मांडी घालून, एकेक अक्षर सांभाळत म्हणत होती, "बाळ, तुला भूक लागली आहे का?"

पोरगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मागे वळून पाहिलं. हे बाळ कोण, ते बघायला.

बाईने पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश. मग माझ्याकडे पाहिलं. आपला उच्चार चुकला असं तिला वाटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात मावशी पोरीच्या कानाशी वाकल्या, "भाकर खातीस का, इच्यारायलेत." पोरीने मान हलवली. बाईचा चेहरा उजळला. आपलं वाक्य पोचलं असं वाटून तिने कागदावर त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.

मावशी मला कौतुकाने म्हणाल्या, "पाहुणे तर तुमच्यावानी बोलायलेत म्याडम. लई शुद्ध." मग जरा थांबून, हळूच, "माझा आवाज दिला न्हवं तेंना?"

"दिला की," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी आम्ही सगळे कपिलधारला गेलो. आमच्या घरची ती दरवर्षीची जागा, त्यामुळे धबधबा, मंदिर, सगळं मीच दाखवत होते आणि मोठ्या रुबाबात इंग्रजी फेकत होते. पायऱ्यांवर पोरगी घसरली. गुडघा खरचटला, रक्त आलं, तिने गळा काढला. बाई धावत गेली, तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाळ, तू का रडत आहेस?" पोरगी अजूनच रडायला लागली. "मी आहे ना इथे. थोडं पाणी पी." पोरीने तिचा हात झटकला. मावशी गुडघे धरत धरत वरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "कावून रडायलीस गं माय?" रडणं जागच्या जागी थांबलं. हुंदके देत देत पोरगी सगळी हकीकत सांगायला लागली, दगड कसा होता, पाय कसा गेला.

बाईने मला विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"तुम्ही म्हणालात तेच," मी म्हणाले.

अर्थाने ते खोटं नव्हतं. पण तिने खाली मान घातली आणि पाण्याची बाटली बंद करत बसली. दोघींनी एकच म्हटलं असेल, तर मग पोरगी एकीचं ऐकते आणि एकीचं ऐकत नाही याचं एकच कारण उरतं, आणि ते कारण ती बाई स्वतःच होती. मी एका वाक्यात हे सोडवू शकत होते. त्या पायऱ्यांवर उभी राहून म्हणू शकत होते, की तुम्हाला मी चुकीची वाक्यं दिली आहेत, मावशींची ही घ्या. अजून दोन दिवस हातात होते. मी म्हणाले, "इकडून उतरा, इकडे शेवाळ कमी आहे."

जायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. पोरगी मावशींचा पदर सोडेना. मावशींनी तिची मूठ एकेक बोट करून उलगडली आणि म्हणाल्या, "रडू नको. तिकडं गेल्यावर मी बोलीन गं माय मोबाइलातून. म्याडमनी पाठवलंय माझं बोलणं. ऐकत जा. ऐकशील ना?" पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग ती गाडीत बसली.

आठ महिन्यांनी बाईची ई-मेल आली. मोडकं इंग्रजी, पण सगळं कळत होतं. तिने लिहिलं होतं, मुलगी बरी आहे, इटालियन भराभर शिकते आहे, पण एक गोष्ट विचारायची आहे. मावशींचा आवाज लावला की ती अगदी शेवटपर्यंत शांत ऐकते. संपला की मोबाइल हातात घेते, उलटा करून बघते, हलवून बघते, आणि मग रडते. आम्हाला वाटतं, मावशींच्या आवाजाने तिला ते घर आठवतं आणि जखम उघडी होते. आम्हीही मराठी वाक्यं म्हणतो तेव्हा ती तोंड फिरवते. तुम्ही शिक्षिका आहात, मावशींना ओळखता, मुलीला ओळखता. हे चालू ठेवावं की थांबवावं?

मी ती ई-मेल स्टाफरूममध्ये वाचली आणि फोन पालथा टेबलावर ठेवला. पोरगी मोबाइल उलटा करून काय शोधते आहे, हे जगात मला एकटीला कळत होतं. मावशींना परत बसवायचं आणि पाच मिनिटं बोलायला लावायचं, एवढंच काम होतं. पण मग पहिली फाइल कुणाची, हे सांगावं लागलं असतं. त्या बाईला, अधीक्षिकांना, आणि मावशींना. मी तीन दिवस विचार केला आणि उत्तर लिहिलं, की हे स्वाभाविक आहे, थांबवलेलं बरं, मूल लहान आहे, हळूहळू विसरेल. व्याकरणाची एकही चूक नव्हती त्या पत्रात. पुढे तिचं उत्तर आलं, आभार मानले होते, आणि तुमच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही मराठी बंद केली आहे, असं लिहिलं होतं.

पहिली चूक लाजेतून झाली असं म्हणता येईल. या उत्तराला मी आजही काय नाव द्यावं ते मला कळत नाही.

मावशी दर रविवारी विचारायच्या. पहिल्या वर्षी "ऐकत आसंल का वो माझा आवाज?" असं. मी म्हणायचे, ऐकत असेल. दुसऱ्या वर्षी "काई कळलं का तिचं?" असं. तिसऱ्या वर्षापासून त्या स्वतःच सांगायला लागल्या, "इसरली आसंल आता. लेकरांची जातच तशी. आपून एवढं बोलून पाठिवलं, पर एकदा तरी म्हणावं का न्हाई, मावशीला बोलायचंय." त्यात राग नव्हता, थोडा रुसवा होता. हा रुसवा वर्षानुवर्षं त्या पोरीवर निघत राहिला आणि मी समोर बसून चहा पीत राहिले. नंतर मी रविवारी जाणंच कमी केलं. शाळेचं काम वाढलंय, असं सांगितलं.

गेल्या डिसेंबरात ते तिघं आले. मुलीला आपलं गाव बघायचं होतं. अधीक्षिकांचा फोन आला, "तुम्हालाच यावं लागेल हो. इंग्रजी दुसऱ्या कुणाला जमणार?" मी सर्दीचं निमित्त सांगणार होते. मग वाटलं, सहा वर्षं झाली, कुणाला काय आठवणार आहे.

मुलगी अकरा वर्षांची. आईएवढी उंच व्हायला आली होती, केस कापलेले, गुडघ्यावर एक बारीक पांढरा व्रण. अंगणात सतरंजी टाकली होती. मावशी पुन्हा धुतलेलं पातळ नेसून बसल्या होत्या. आता त्यांना एका डोळ्याने कमी दिसतं. त्यांनी मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "आलीस का गं माय? लई मोठी झालीस." मुलगी गोड हसली. पाहुण्यांकडे बघून हसावं तसं. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मावशींनी हात काढून घेतले आणि पदर नीट केला.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणाले, "मावशी, थोडं पाणी देऊ का तुम्हाला?"

मुलीने एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. तिने आईचा हात धरला आणि इटालियनमध्ये भरभर काहीतरी सांगितलं. आई तिला मधेच थांबवून विचारत होती, मुलगी मान हलवून ठामपणे तेच सांगत होती. मग आई माझ्याकडे वळली. आता तिचं इंग्रजी चांगलं झालं होतं. ती म्हणाली, "ती म्हणते, हा आवाज तिला माहीत आहे. फोनमधला आवाज हाच. पण तो तर मावशींचा होता ना?"

मुलगी अजून सांगत होती, आणि आई जमेल तसं माझ्यासाठी इंग्रजीत आणत होती. मावशीने सांगितलं होतं, मी फोनमधून बोलेन. म्हणून ती ऐकायची. आधी ही दुसरी बाई बोलायची. तिला वाटायचं, हिचं संपलं की मावशी बोलेल. ती शेवटपर्यंत थांबायची. आता मावशीचा आवाज कसा होता ते तिला आठवत नाही, पण थांबायचं आठवतं.

"काय म्हणायलेत?" मावशींनी मला विचारलं.

त्या अंगणात दोन्हीकडची भाषा कळणारी मी एकटी होते. अधीक्षिका कौतुकाने हसत उभ्या होत्या. मी म्हणू शकत होते, मुलगी म्हणते, तुमची फार आठवण यायची. तिघांचंही समाधान झालं असतं आणि चहा आला असता. वाक्य तोंडात तयारही होतं. का सांगितलं खरं, ते मला माहीत नाही. मला चांगुलपणा सुचला असं मी म्हणणार नाही. मुलगी माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती, आणि तिच्यासमोर पुन्हा त्याच आवाजात खोटं बोलायला जमलं नाही, एवढंच असेल.

मी मावशींना सगळं सांगितलं. तुमचं पुसलं, माझं पाठवलं, तुमचं नाव दिलं. मग तेच इंग्रजीत. इंग्रजीत सांगणं सोपं गेलं.

मावशी बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसल्या.

"म्हंजी माझं गेलंच न्हाई?"

"नाही."

"कावून वो?"

तो शब्द मी वीस वर्षांत उच्चारला नव्हता आणि आता माझ्यासमोर तो पडला होता. मावशींनी थोडं थांबून माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच विचारलं, "माझं बोलणं लई खराब वाटलं का तुमाला?"

"नाही मावशी," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. त्यांना खरं काय ते कळलं होतं.

"आन मी सा वर्सं ह्या लेकराला बोल लावायले," त्या म्हणाल्या आणि मुलीच्या गुडघ्यावरून हात फिरवला, नेमका त्या व्रणावरून.

बाईने पर्समधून मोबाइल काढला, मावशींसमोर धरला आणि मला शांतपणे म्हणाली, "त्यांना विचारा, आता बोलतील का? तिच्यासाठी." मी विचारलं. मावशींनी पदराने तोंड पुसलं, खाकरल्या, ताठ बसल्या. मुलगी जवळ सरकली. निदान हे तरी नीट व्हावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

मावशी मोबाइलकडे बघून सावकाश, एकेक शब्द जोडत म्हणाल्या, "बाळ. तू का. रडत आहेस? मी आहे ना. इथे. थोडं पाणी पी."

त्या सहा दिवसांत पाहुण्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि कितीतरी रविवार माझ्या तोंडून ऐकलेलं ते सगळं त्यांना पाठ होतं. "कोंबडी झोपली आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढे अडल्या. गाणं त्यांना माझ्या भाषेत येत नव्हतं.

"मावशी, तुमच्या पद्धतीनं म्हणा ना," मी म्हणाले. "निजली म्हणा. माय म्हणा. तेच हवंय त्यांना."

"न्हाई म्याडम," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, समजावणीचा. "एवढ्या दूर जायलाय. आता जायलाच लागलंय तर चांगलं जाऊ द्या."

मी बाईला सांगायला तोंड उघडलं, की हे तसं नाही, हे त्यांचं बोलणं नाही. पण मावशींच्या चेहऱ्यावर परीक्षा नीट पार पडल्यासारखा भाव होता आणि तो मला मोडवला नाही. बाईने मोबाइल बंद केला, दोन्ही हात जोडले. मुलीने मावशींच्या गालाला गाल लावला. संध्याकाळच्या आत त्यांना संभाजीनगर गाठायचं होतं. गाडी गेली.

अधीक्षिका माझ्याकडे न बघता आत गेल्या. मी चपला शोधत होते. व्हरांड्यात नुकतीच आलेली एक अडीच-तीन वर्षांची पोरगी खांबाला धरून रडत उभी होती. मावशी गुडघ्यावर हात देत उठल्या, तिच्याकडे गेल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कावून रडायलीस गं माय? कोण मारलं? मी हाय ना हितं." मग तिला मांडीवर घेऊन पाठीवर थापटायला लागल्या. कोंबडी निजली, शेळी निजली, चूल निजली.

माझा मोबाइल माझ्या हातातच होता. बाईचा पत्ता माझ्याकडे होता. एक बटण दाबायचं आणि दोन पावलं पुढे जायचं, बस. पण आधी मावशींना विचारायला हवं होतं, आणि कुठल्या तोंडाने विचारणार? तवा निजेपर्यंत मी तिथे उभी राहिले, मग चपला घातल्या आणि घरी आले.